ॲप बनवण्याआधी वाचायचा इतिहास: वजन, घोरणं आणि मोबाइल



मागच्या महिन्यात पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या काही जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, तुमचा विषय ॲप डिझाइनचा. त्यात इतिहासाचं काय काम? साहित्याचा आढावा म्हणजे मागच्या पाच वर्षांचे पेपर वाचले की झालं ना?" मीही पहिल्या वर्षी असंच समजत होतो. वजन कमी करणं आणि स्लीप ॲप्नियाचे उपचार यांसाठी वापरायला सोपं मोबाइल ॲप, हा माझा विषय. सुरुवातीला वाटलं, चांगले रंग घ्यायचे, मोठी बटणं ठेवायची, मराठी भाषांतर टाकायचं, काम झालं. ते तसं का होत नाही, हे मला माझ्या मामांनी शिकवलं. त्यांच्या परवानगीनेच लिहितो आहे.

मामांची गोष्ट, थोडक्यात

मामा दिग्रसकडचे. कित्येक वर्षं काळीपिवळी चालवतात. एका पहाटे आर्णीच्या रस्त्यावर गाडी डांबर सोडून मुरमावर उतरली. मागच्या सीटवरची बाई ओरडली म्हणून मामांचे डोळे उघडले. कुणाला लागलं नाही. पण आठ माणसं गाडीत होती. घरी मामी म्हणाल्या, "रात्रभर घोरते हा माणूस, मधातच श्वास बंद होते, मग दचकून उठते." नागपूरला स्लीप स्टडी झाली, स्लीप ॲप्निया तीव्र निघाला. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: वजन कमी करा आणि रात्री सीपॅप मशीन लावा. मशीनसोबत एक ॲप आलं, वजनासाठी मामांच्या पोराने दुसरं टाकून दिलं. दोन्ही इंग्रजीत.

महिन्याभरात मशीन कपाटावर गेलं. मी रागावलो, तर मामा म्हणाले, "बाबू, रात्री लाइन जाते. लाइन गेली का त्या नळीत जीव गुदमरते. सकाळी मोबाइल पायतो तर लाल. म्या काय गुन्हा केला का?"

त्या दिवशी माझा संशोधनाचा प्रश्न बदलला. "रुग्ण ॲप का वापरत नाहीत?" असं विचारणं सोडून दिलं. "हे ॲप कोणाचं शरीर, कोणाचं घर आणि कोणती भाषा गृहीत धरून बनलं?" हा नवा प्रश्न झाला. त्याचं उत्तर मागच्या पाच वर्षांच्या पेपरांत सापडत नाही, त्यासाठी इतिहासातच जावं लागतं. चला, एकेक धागा बघू.

धागा पहिला: "जाडा माणूस झोपाळू" ही प्रतिमा

चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मधल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. १९५६ मध्ये बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एका अतिलठ्ठ रुग्णाचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा गृहस्थ पत्ते खेळताना हातात उत्तम पानं असूनही झोपी गेला आणि डाव हरला. त्यांनी या अवस्थेला 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव दिलं. गंमत अशी, की ते वर्णन आज आपण ज्याला स्लीप ॲप्निया म्हणतो त्याचं नेमकं नव्हतंच. लठ्ठपणामुळे श्वसन मंद होऊन रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्या जवळच्या आजाराचं ते होतं.

झोपेत घसा बंद पडून श्वास वारंवार थांबतो हे १९६५ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे नोंदलं गेलं: फ्रान्समध्ये गास्तो यांचा गट आणि जर्मनीत युंग व कुह्लो. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गिलेमिनो यांनी 'स्लीप ॲप्निया सिंड्रोम' ही संज्ञा रूढ केली. लक्षात घ्या, सडपातळ माणसालाही हा आजार होतो हे तेव्हापासून माहीत आहे. तरी पिकविकची प्रतिमा काही गेली नाही. २००८ मध्ये टोरांटोच्या फ्रान्सिस चुंग यांच्या गटाने 'स्टॉप-बँग' ही आठ प्रश्नांची चाळणी बनवली. जगभर ती वापरतात आणि ती उपयोगीही आहे. पण त्यातला वजनाचा प्रश्न 'बीएमआय ३५ च्या वर आहे का?' असा आहे. मामांची उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. म्हणजे बीएमआय साधारण २६. त्या प्रश्नाला मामांचं उत्तर 'नाही'.

धागा दुसरा: बीएमआय कुणाचा?

वजन कमी करण्याचं कुठलंही ॲप उघडा, पहिल्याच पानावर बीएमआय दिसतो. वजन भागिले उंचीचा वर्ग हे सूत्र बेल्जियमच्या केतले यांचं, १८३२ च्या सुमाराचं. केतले डॉक्टर नव्हते, संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' म्हटलं आणि पुढे २५ व ३० या सीमारेषा जगभर पसरल्या.

इथे महाराष्ट्र येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं वजनाने कमी भरली, पण त्या मानाने अंगावर चरबी जास्त होती. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून 'जाड'. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी एक पानाचा, फोटो असलेला लेख छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. संशोधनात एक चांगलं उदाहरण शंभर तक्त्यांचं काम कसं करतं, ते बघायचं असेल तर हे पान जरूर बघा.

२००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने सीमारेषा खाली आणल्या: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा, कंबर पुरुषांची ९० आणि बायांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. आता मामांच्या ॲपकडे परत या. त्यात २६ म्हणजे 'थोडं जास्त वजन', रंग पिवळा. भारतीय निकषाने तोच आकडा लठ्ठपणात जातो. मामा म्हणाले होते, "पिवळा हाय ना, मंग चालते. सिग्नल पिवळा असला तं आपण गाडी काढतोच."

रंग कोणता निवडायचा हा डिझाइनचा प्रश्न वाटतो. पण त्या रंगामागे कोणती सीमारेषा आहे हे इतिहास माहीत असल्याशिवाय कळत नाही.

धागा तिसरा: मशीन आणि चार तासांची रेष

१९८० पर्यंत तीव्र स्लीप ॲप्नियावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडणं. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी वेगळा विचार केला. घसा आतून मिटतो ना, मग नाकातून हवेचा दाब देऊन तो उघडा ठेवू. सुरुवातीची यंत्रं व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरवर चालायची आणि भयंकर आवाज करायची. १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचे निष्कर्ष छापून आले. हाच सीपॅप. उपचार परिणामकारक होता, पण रोज रात्री तोंडावर मुखवटा चढवून झोपायला कोण तयार होणार?

हे १९९३ मध्ये अमेरिकेत क्रिब्स आणि सहकाऱ्यांनी तपासलं. रुग्णांना न सांगता ३५ यंत्रांत नोंद ठेवणारा भाग बसवला. ६० टक्के रुग्ण म्हणाले की आम्ही रोज रात्री लावतो. प्रत्यक्षात 'नियमित वापरा'त बसले ३५ पैकी १६, म्हणजे ४६ टक्के. नियमित वापराची त्यांची व्याख्या होती ७० टक्के दिवशी किमान चार तास.

आता इथे थांबा आणि वहीत लिहून घ्या. ती चार तासांची रेष संशोधकांनी वर्णनाच्या सोयीसाठी आखली होती. चार तास झाले की आजार बरा, असा तिचा अर्थ नव्हता. पुढे अमेरिकेच्या मेडिकेअरने खर्च द्यायचा की नाही हे ठरवायला जवळपास तीच रेष वापरली. मग यंत्रात सिम कार्ड आलं, यंत्रं रोजचा वापर कंपनीला पाठवू लागली आणि ती माहिती रुग्णाच्या मोबाइलवर गुण म्हणून दिसायला लागली. सुलिव्हन यांच्या शोधावर १९८९ मध्ये उभ्या राहिलेल्या रेसमेड कंपनीच्या 'मायएअर' ॲपमध्ये रोजचे गुण १०० पैकी असतात आणि त्यातले ७० फक्त तासांसाठी.

म्हणजे पैसे द्यायचे का हे ठरवणारी नजर हळूहळू रुग्णाच्या उशाशी येऊन बसली. ज्या देशात रात्रभर वीज असते तिथे कमी तास म्हणजे कमी प्रयत्न, हे बऱ्याच अंशी खरं असेल. आपल्याकडे कमी तासांचं कारण लाइन गेली हेही असू शकतं. यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून माझ्या आराखड्यात सकाळचा पहिला प्रश्न गुणांचा नाही. तो आहे: "रात्री काय झालं? लाइन गेली / मास्क निघाला / नाक बंद होतं / बरं वाटलं नाही." चार चित्रं, एक बोट. छोटासा बदल आहे, पण त्यामागे १९९३ चा तो पेपर आहे.

धागा चौथा: वजन घटलं की श्वास सुटतो का?

वजन आणि स्लीप ॲप्निया एकाच ॲपमध्ये का, असं मुलाखतीत नक्की विचारतात. उत्तर विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात आहे. २००० मध्ये पेपर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वजन १० टक्के वाढलं तर एएचआय, म्हणजे तासाला श्वास थांबण्याचं किंवा फार मंदावण्याचं प्रमाण, सुमारे ३२ टक्के वाढतं. १० टक्के घटलं तर सुमारे २६ टक्के कमी होतं.

हिशोब करून बघा. एएचआय ३० असलेल्या माणसाने १० टक्के वजन घटवलं, तर तो साधारण २२ वर येईल. पण १५ च्या वर म्हणजे मध्यम आजार अजून आहेच. म्हणजे वजन घटवणं फार मोलाचं, पण "पाच किलो उतरले, आता मशीन बंद" असा सल्ला ॲपने चुकूनही देऊ नये. असा निर्णय पुन्हा तपासणी करून डॉक्टरांनीच घ्यायचा. अभिनंदनाचे फुगे उडवणाऱ्या स्क्रीनवर मी हे वाक्य टाकलं, तेव्हा एक मित्र म्हणाला की मजा गेली. जाऊ दे. गाडीत आठ माणसं असतात.

धागा पाचवा: भाकर किती कॅलरीची?

ॲपमध्ये जेवण नोंदवायचं तर आकडे लागतात. आपल्याकडे अन्नघटकांचे तक्ते १९३७ पासून आहेत, तेव्हा ते कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून निघाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये नवे तक्ते काढले, त्यात ५२८ खाद्यपदार्थ आहेत. मात्र हे मुख्यतः कच्च्या पदार्थांचे आकडे. ज्वारी मिळते, दिग्रसच्या तव्यावरची भाकर मिळत नाही. भाकर एका घरी पातळ, दुसऱ्या घरी बोटभर जाड. 'पातोडीची भाजी' शोधली तर ॲप दुसऱ्याच राज्यातला पदार्थ पुढे करतं. मामींनी दोन दिवस प्रयत्न केला आणि सोडला. म्हणाल्या, "मी सैपाक करू का हिशोब लिहू?"

याच्या उलट टोकाचं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी मांडलेली पद्धत तुम्ही ऐकलीच असेल: दिवसात दोनच वेळा जेवा, ५५ मिनिटांत संपवा. त्यामागच्या वैद्यकीय दाव्यांवर आहारतज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता असा बदल करणं धोक्याचं आहे. पण डिझाइनचा विद्यार्थी म्हणून बघा. नियम एका वाक्यात मावतो. काही मोजायचं नाही, काही नोंदवायचं नाही. आणि प्रसार झाला तो लोकांच्या हातात आधीच असलेल्या व्हॉट्सॲपच्या गटांतून, मराठीत. नवं ॲप डाउनलोड करा, पासवर्ड ठेवा, असलं काही नाही. लोक टिकून राहतात ते सोपेपणामुळे आणि सोबतीमुळे, हे यातून घ्यायचं. पद्धत बरोबर की चूक, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच ठेवायचा. संशोधनात या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते.

धागा सहावा: मराठी बोटांना आणि मराठी कानांना

'भाषांतर केलं की झालं' हा माझा दुसरा गैरसमज. १९९१ मध्ये मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी दिवसाची झोपाळू अवस्था मोजायला एपवर्थ मापनी बनवली. आठ प्रसंग, प्रत्येकाला ० ते ३ गुण. एकूण १० च्या वर गेलं की काळजीचं. त्यातले दोन प्रसंग कारमधले आहेत आणि एक बसून वाचण्याचा. जे वाचत नाहीत आणि ज्यांच्याकडे कार नाही, त्यांनी काय उत्तर द्यायचं? शब्द मराठी होतात, प्रसंग मेलबर्नचाच राहतो. आणि खरा ड्रायव्हर सापडला तर तो खरं सांगेल का? मामांनी प्रत्येक प्रश्नाला शून्य दिलं होतं. "झोप येते म्हटलं तं गाडी कोण देईन मले?" पोट हातावर असलं की मापनी खोटी पडते.

आपल्याकडे या बाबतीत चांगलं काम झालेलं आहे, ते आधी वाचा. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने 'स्वरचक्र' हा कीबोर्ड बनवला, २०१३ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडी उघडते. शाळेत पाठ केलेली बाराखडीच इथे कळफलक होते. त्याच गटाने एचआयव्हीच्या रुग्णांसाठी 'तमा' ही यंत्रणा केली. त्यात स्मार्टफोन लागतच नाही. साधा फोन येतो आणि औषधाची आठवण करून देतो. भारतातल्या पाच दवाखान्यांत ५४ रुग्णांनी ती १२ आठवडे वापरली आणि २०१४ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. रोजचा, न संपणारा उपचार आणि लोकांपासून लपवावा लागणारा आजार, या दोन्ही बाबतीत ते माझ्या विषयाच्या फार जवळ आहे. 'मोबाइल ॲप' हा शब्द शीर्षकात होता म्हणून मी पहिल्या वर्षी हे वाचलंच नव्हतं. शोध घेताना शीर्षकातल्या शब्दांना चिकटू नका.

आवाजाचीही गंमत आहे. २०१५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने मोबाइलमधून ऐकू न येणारे ध्वनी सोडून छातीची हालचाल टिपली आणि स्लीप ॲप्निया ओळखून दाखवला. हुशार कल्पना. आता यवतमाळचा मे महिना आठवा. घरघरणारा कूलर, एका खोलीत चार जण, नाहीतर सरळ गच्चीवर बाजा टाकून झोपलेलं घर. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात. तिथे हे कसं चालेल, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. कुणी घेत असेल तर जरूर घ्या.

पद्धतीबद्दल दोन शब्द

वापरसुलभता मोजायला तुम्ही एसयूएस वापराल. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये ती झटपट मापनी म्हणून बनवली. दहा विधानं, एक सकारात्मक, एक नकारात्मक, अशी आलटून पालटून. आपल्याकडे माणूस पाहुण्याचं मन मोडत नाही. सगळ्याला 'हो, हो, बरोबर' म्हणतो. दहाही विधानांना पूर्ण सहमती दिली तर गुण येतात बरोबर ५०. म्हणजे ५० च्या आसपासचा आकडा आला तर आधी मूळ उत्तरपत्रिका उघडून बघा. ॲप मध्यम आहे की माणूस भिडस्त आहे, ते तिथे कळेल.

दुसरं, 'पाच वापरकर्ते पुरे' हे वाक्य. त्याचा आधार नील्सन आणि लँडाउअर यांचा १९९३ चा पेपर. नील्सन यांनी पुढे हेही सांगितलं की वापरकर्त्यांचे गट वेगळे असतील तर प्रत्येक गटातून वेगळे लोक घ्या. यवतमाळमध्ये वऱ्हाडी बोलणारे आहेत, बंजारा तांडे आहेत, कोलाम पोड आहेत. शहरातले पाच पदवीधर म्हणजे यवतमाळ नव्हे.

तिसरं, आकडा कोणाचा ते पाहूनच वापरा. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांच्या गटाने २००४ मध्ये भारतीयांमधला स्लीप ॲप्निया मोजला. लक्षणांसह आजाराचं प्रमाण ७.५ टक्के निघालं. महत्त्वाचा अभ्यास. पण तो ३५ ते ६५ वयाच्या, आरोग्य तपासणीला आलेल्या शहरी पुरुषांचा होता. तो आकडा उचलून 'यवतमाळ जिल्ह्यात ७.५ टक्के लोकांना' असं लिहिलंत, तर परीक्षक तिथेच पकडतील. आणि पकडायलाच हवं. मामींचं काय? त्याही घोरतात. त्यांना स्लीप स्टडीला कुणी नेलेलं नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या आराखड्यातही बाई नव्हती, हे कबूल करतो.

मामा आता

विचारणाऱ्यांसाठी: इन्व्हर्टर बसला. मशीन कपाटावरून खाली आलं, बहुतेक रात्री लागतं. वजन थोडं उतरलं आहे. पहाटेची फेरी मामांनी सोडली, त्यामुळे उत्पन्न कमी झालं, आणि त्यावर माझ्याकडे कुठलंही ॲप नाही. मागच्या खेपेला मी कागदावर काढलेले स्क्रीन त्यांच्यासमोर ठेवले. लाइन गेल्याचं चित्र बघून त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बराबर हाय. बाकीचं पाहू."

ज्यांना प्रस्ताव लिहायचा आहे त्यांच्यासाठी एक गृहपाठ. तुमच्या विषयातलं रोज वापरलं जाणारं एक माप घ्या. ते कोणी, कधी, कोणावर आणि कशासाठी बनवलं, हे एका पानात लिहा. मग शेवटी एकच ओळ: माझ्या गावात ते कुठे अडतं? ती ओळ नीट जमली, तर तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.

भेटू पुढच्या लेखात.